आवड आणि शंका

१९५७ च्या ऑगस्ट महिन्यात 'सायन्स' या अमेरिकन साप्ताहिकात मार्गारेट मीड आणि रोडा मेत्रो या दोन मानववंशशास्त्रज्ञ स्त्रियांचा एक लेख छापून आला. सामोआ बेटावरील किशोरवयीन मुलींच्या अभ्यासामुळे मीड यांचे नाव तोवर जगभर झालेले होते. या खेपेस त्यांनी अभ्यासाला घेतली ती आपल्याच देशातली मुले. हायस्कूलच्या सुमारे ३५,००० विद्यार्थ्यांकडून त्यांनी छोटे छोटे निबंध लिहून घेतले होते. शास्त्रज्ञ म्हटले की डोळ्यांपुढे काय येते, शास्त्रज्ञ व्हायचेच झाले तर कसा शास्त्रज्ञ व्हायला आवडेल, कसा मुळीच आवडणार नाही, असे प्रश्न होते. मुलींना आणखी एक विचारले होते: शास्त्रज्ञाशी लग्न करायची वेळ आली तर?

उत्तरे दुपेडी निघाली. विज्ञान चांगले आहे, देशाला हवे आहे, त्याने रोग बरे होतात, हे जवळजवळ सगळ्यांनी लिहिले. पण गोष्ट स्वतःवर आली की सूर बदलत होता. पांढरा कोट, डोळ्यांवर चश्मा, मध्यमवयीन किंवा म्हातारा पुरुष, दिवसरात्र प्रयोगशाळेत, बायकोमुलांकडे लक्ष नाही: असे जगणे आपल्याला नको, असे मुले लिहीत होती. लेख छापून झाल्यावर दीडच महिन्यात, ४ ऑक्टोबरला, रशियाने स्पुटनिक आकाशात सोडले आणि अमेरिकेत धावपळ उडाली. १९५८ मध्ये संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा झाला, विज्ञानाच्या नव्या पाठ्यपुस्तकांसाठी पैसा आला. मुलांना विज्ञान आवडते की नाही, हा प्रश्न तेव्हापासून सरकारचा प्रश्न झाला.

पुढे तो सगळ्या जगाचाच झाला. १९८३ मध्ये डेव्हिड चेंबर्स यांनी ४,८०७ लहान मुलांनी काढलेल्या शास्त्रज्ञाच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या फक्त २८ चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती, आणि ती सगळी चित्रे मुलींनी काढलेली होती. या शतकाच्या आरंभी नॉर्वेच्या स्वेन शोबर्ग आणि कमिला श्राइनर यांनी अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना एकच प्रश्नावली दिली. तिच्यातून एक विचित्र वाटणारी गोष्ट पुढे आली. देश जितका संपन्न, तितकी शास्त्रज्ञ होण्याची इच्छा कमी. आफ्रिकेतली आणि दक्षिण आशियातली मुले उत्साहाने 'हो' म्हणत होती. नॉर्वे आणि जपानमधली मुले, विशेषतः मुली, नाही म्हणत होत्या. विज्ञान समाजाला उपयोगी आहे, हे मात्र दोन्हीकडे मान्य होते.

मी इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या उच्च माध्यमिक शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ जीवशास्त्र शिकवले. घरात मराठी, वर्गात हिंदी आणि संदर्भाची पुस्तके इंग्रजीत, असा माझा संसार. असले अभ्यास मी आवडीने वाचत आले आहे आणि त्यांचे मोल मला कमी वाटत नाही. पण ते वाचताना एक गोष्ट मला सतत खुपत राहिली. प्रश्नावलीत एका टोकाला 'पूर्ण सहमत' असते, दुसऱ्या टोकाला 'पूर्ण असहमत'. आवड मोजायला ही पट्टी चालते. शंका मात्र तिच्यावर बसत नाही. जिला विज्ञान मनापासून आवडते आणि म्हणूनच त्याच्या वापराबद्दल प्रश्न पडतात, अशी मुलगी या पट्टीवर कुठे उभी राहणार? ती मधल्या चौकटीत जाते, म्हणजे 'तटस्थ' ठरते. पट्टीच्या हिशेबी तिला मतच नाही.

ही चूक नुसत्या प्रश्नावलीची नाही. आपण शाळेत विज्ञान ज्या रीतीने सांगतो, तिच्यातच ती आहे. हे मला सर्वांत स्पष्ट दिसते ते १९७६ या एका सालाकडे पाहताना.

आपल्या बारावीच्या पुस्तकात हरगोविंद खुराना यांचे नाव आहे. जनुकीय संकेत उलगडताना त्यांच्या रासायनिक पद्धतीचा कसा उपयोग झाला, ते एका वाक्यात येते. शिक्षक त्यात आपल्या पदरचे घालतो: पंजाबातले रायपूर नावाचे खेडे, वस्ती शंभरेक माणसांची, वडील पटवारी, लिहितावाचता येणारे घर जवळपास तेवढे एकच, पहिली काही वर्षे झाडाखालची शाळा, मग मुलतानचे हायस्कूल, लाहोर, लिव्हरपूल आणि १९६८ चे नोबेल. मुलांचे डोळे चमकतात. ही गोष्ट खरी आहे आणि सांगायलाच हवी.

नोबेलनंतर खुरानांनी जे केले, ते मात्र आपण क्वचित सांगतो. तोवर जीवशास्त्र जनुके वाचत होते. खुराना ती लिहू लागले. १९७० मध्ये त्यांच्या गटाने यीस्टमधले एक जनुक प्रयोगशाळेत, बाटल्यांतल्या रसायनांपासून बांधून दाखवले. त्याच्या शिडीला ७७ पायऱ्या होत्या, म्हणजे ७७ जोड्या. पण ते जनुक पेशीत काम करते असे दाखवणे बाकी होते. त्याच वर्षी ते बॉस्टनशेजारच्या केंब्रिज शहरात, एमआयटीत गेले. १९७६ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गटाने दुसरे जनुक जाहीर केले. चालू-बंद करणाऱ्या खुणांसकट त्याची लांबी २०७ जोड्या होती. ते जिवंत जिवाणूत घातले आणि ते चालले. माणसाने अक्षर अक्षर जुळवून लिहिलेले जनुक जिवंत पेशीने आपले मानले. आज ज्याला सिंथेटिक बायोलॉजी किंवा संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात, त्याच्या पायातला हा एक मोठा दगड आहे.

याच उन्हाळ्यात, याच केंब्रिज शहरात, दुसरे काही चालले होते. एका जीवाचे जनुक दुसऱ्यात जोडण्याचे तंत्र नुकतेच हाती आले होते. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात असिलोमार येथे शास्त्रज्ञांनीच एकत्र बसून त्याच्या धोक्यांचा विचार केला होता आणि काही नियम घातले होते. त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठाला अशा प्रयोगांसाठी आपल्या जुन्या इमारतीत खास प्रयोगशाळा बांधायची होती. त्या इमारतीत मुंग्यांचा असा सुळसुळाट होता की काही केल्या त्या हटत नव्हत्या. प्रयोगशाळेतले जिवाणू बाहेर येणार नाहीत, अशी हमी अशा जागी कोण देणार, असे काही जीवशास्त्रज्ञच विचारू लागले. शहराचे महापौर आल्फ्रेड वेलुची हे कामगार वस्तीतून आलेले आणि विद्यापीठाशी जुने वैर असलेले गृहस्थ. त्यांनी २३ जून १९७६ ला नगर परिषदेत उघड सुनावणी लावली. मोठमोठ्या प्राध्यापकांना मायक्रोफोनपुढे उभे केले आणि सामान्य माणसाच्या भाषेत बोला असे बजावले.

ही सुनावणी सुरू होण्याआधी शहरातल्या हायस्कूलच्या गायकवृंदाने देशावरचे एक लोकप्रिय गाणे म्हटले. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त बोलका वाटणारा तपशील हाच. विद्यार्थी तिथे होते. गाण्यासाठी होते. त्यांच्याच शहरात, त्यांच्याच आयुष्यभर पुरणार असलेल्या प्रश्नावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि त्यांच्याकडून अपेक्षा होती ती सुरात म्हणण्याची.

पुढे नगर परिषदेने असे प्रयोग काही महिने थांबवले आणि नागरिकांची एक समिती नेमली. या संशोधनात गुंतलेला एकही जीवशास्त्रज्ञ तिच्यात नव्हता. परिचारिका, व्यापारी, अभियंता, डॉक्टर असे लोक होते. ते कित्येक महिने शिकत राहिले, दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांची उलटतपासणी घेत राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी अहवाल दिला: संशोधन होऊ द्यावे, पण जादा खबरदारीच्या अटींवर. पुढच्याच महिन्यात शहराने तसा नियम केला. ज्यांना विज्ञानद्रोही म्हणून हिणवले जाण्याची भीती होती, त्यांनी विज्ञान बंद पाडले नाही. पुढे जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या याच शहरात दाटीने उभ्या राहिल्या. नियम काय आहेत ते इथे आधीच ठरलेले होते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

आणि याच १९७६ मध्ये आपल्याकडे काय चालले होते? आणीबाणी. वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते, विरोधक तुरुंगात होते. वर्षाच्या अखेरीस बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी राज्यघटनेत आली. तिच्यात एक कर्तव्य आहे: विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे. नेहरूंचा आवडता विचार असा घटनेत पोहोचला. वाक्य सुंदरच आहे, मी ते वर्गाच्या भिंतीवर लावत असे. पण शोधक बुद्धी हे कर्तव्य झाले ते नेमके प्रश्न विचारणे महाग पडत होते त्या दिवसांत, हे विसरता येत नाही. आपल्या शाळांनी त्या वाक्यातला अभिमान उचलला, शोधकपणा पुढच्या यत्तेसाठी ठेवला.

सगळ्यांनी नव्हे. आमच्या मध्य प्रदेशातच त्याआधी चार वर्षे एक वेगळा प्रयत्न सुरू झाला होता. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरममधल्या, १६ सरकारी माध्यमिक शाळांत रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी विज्ञान शिकवण्याची रीत बदलली. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचे संशोधन करणारे. ते काम सोडून ते बनखेडीजवळच्या खेड्यात आले. खुरानांच्या क्षेत्रातला एक माणूस झाडाखालच्या शाळेकडे परतला, असे मी मनात म्हणते.

सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या टोळीत बसून प्रयोग करत. पानाफुलांची चिरफाड, बियांची उगवण, पाण्याची परीक्षा. पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक', पण त्यात उत्तरे नव्हती. करायच्या गोष्टी आणि विचारायचे प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक सोबत न्यायची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी होती. १९७८ मध्ये ही रीत जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांत गेली. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार उभे करण्याची त्यांची युक्ती तिथेच जन्मली. १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने हे काम सांभाळले.

सवालीराम हे त्यातले माझे सर्वांत आवडते पात्र. या नावाचा माणूस कुणीच नव्हता. मुलांनी आपले प्रश्न सवालीरामला पत्राने कळवायचे आणि त्याच्या नावाने कार्यकर्ते, प्राध्यापक, शास्त्रज्ञ मिळून उत्तर पाठवायचे. मुलांची विज्ञानाकडे पाहण्याची वृत्ती कशी आहे, हे समजून घ्यायचे असेल, तर माझ्या लेखी कुठल्याही पट्टीपेक्षा ही पत्रे मोलाची आहेत. पट्टीवर मूल आपल्या प्रश्नाला उत्तर देते. पत्रात ते आपल्याला प्रश्न विचारते.

तिकडून बदली होऊन आलेल्या नोकरदारांची मुले अधूनमधून माझ्या अकरावीच्या वर्गात येत. त्यांची ओळख पटायला वेळ लागत नसे. इतर मुले विचारत, "मॅडम, हे परीक्षेला येईल का?" ही मुले विचारत, "मॅडम, हे कशावरून?" गुणांत ती सगळीच पुढे होती असे मुळीच नाही. पण पेशीविभाजनाची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसली नाही, तर ती वहीत 'दिसली नाही' असे लिहीत. इतर जण पुस्तकातले चित्र उतरवून काढत.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला होता. राज्यभर एकच पुस्तक हवे, हे कारण पुढे आले. मराठी वाचकांना त्या परंपरेची आठवण पुण्याहून निघणाऱ्या 'शैक्षणिक संदर्भ'मुळे असेल. 'एकलव्य'च्या हिंदी 'संदर्भ'ची ती मराठी भावंडे. मुंबईत 'बालवैज्ञानिक' हाच शब्द एका परीक्षेचे नाव झाला आहे. होमी भाभांच्या नावाची ही परीक्षा १९८१ पासून होते, सहावी आणि नववीची मुले तिला बसतात, तिच्यात प्रयोग आणि प्रकल्पही असतात. चांगली परीक्षा आहे. पण ती हुशार मुले निवडते. होशंगाबादच्या पुस्तकाने तो शब्द वर्गातल्या प्रत्येक मुलाला देऊन टाकला होता.

आता संश्लेषी जीवशास्त्राकडे परत येते, कारण या विषयाने तरुण मुलांना गाणाऱ्यांच्या रांगेतून उचलून थेट कर्त्यांच्या रांगेत आणले. जानेवारी २००० मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एकात जिवाणूच्या आत जनुकांचे बटण बसवले होते, दुसऱ्यात जनुकांचे घड्याळ, ज्यामुळे जिवाणू ठरावीक वेळाने लुकलुकत. विजेच्या मंडलासारखी जिवंत मंडले बांधता येतात, हे त्यातून दिसले. २००३ मध्ये एमआयटीत विद्यार्थ्यांसाठी असा एक छोटा वर्ग भरला. पुढच्या वर्षी त्याची स्पर्धा झाली. तीच आयजेम. जनुकांचे ठरावीक मापाचे तुकडे विटांसारखे वापरायचे आणि त्यांतून नवे काम करणारा जिवाणू बांधायचा, ही तिची कल्पना. २०११ पासून हायस्कूलच्या मुलांसाठी तिचा वेगळा विभाग झाला. त्याच्या वर्षभर आधी क्रेग व्हेंटर यांच्या गटाने सुमारे १०.८ लाख जोड्यांचा जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच रसायनांपासून बांधला होता. खुरानांच्या ७७ पायऱ्यांपासून इथवर यायला चाळीस वर्षे लागली.

या स्पर्धेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तुमच्या कामाचा समाजाशी काय संबंध, ते कुणाला हवे आहे, कुणाला नको, धोका काय, हे मुलांनी बाहेर जाऊन विचारायचे आणि मांडायचे असते. म्हणजे शंका हा अभ्यासाचाच भाग धरलेला आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसत्या नावनोंदणीलाच हजारो डॉलर लागतात. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला तर नवा यायला एक सत्र जाई.

२००९ मध्ये बेंगळुरूच्या सृष्टी या कला व अभिकल्प शिकवणाऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांचा एक संघ या स्पर्धेला गेला. जीवशास्त्राचे विद्यार्थी नसलेल्या या मुलांनी राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या मदतीने असा जिवाणू बांधायला घेतला, की ज्याला पहिल्या पावसाचा वास येईल. तो वास मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. ते बनवणारे जनुक मातीतल्या जिवाणूकडून घेऊन प्रयोगशाळेतल्या जिवाणूला द्यायचे होते. या वासाला आपल्याकडे फार जुना इतिहास आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौजला भाजलेली माती भट्टीवर चढवून चंदनाच्या तेलात तिचा वास उतरवतात, तेच मिट्टी अत्तर. १९६४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिले, तेव्हा त्यांनीही या अत्तराची नोंद घेतली होती.

अकरावीच्या वर्गाला मी हे सांगितले, तेव्हा मुले आधी हरखली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मैडम, बारिश के बिना बारिश की खुशबू लेकर करेंगे क्या?" वर्ग हसला. मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. कनौजच्या भट्टीवाल्याचे काय होईल, वास विकत घेणाऱ्याला पावसाची आठवण राहील का, हे सगळे त्यात होते. त्या मुलाला विज्ञान आवडत नव्हते, असे त्यावरून कुणी म्हणू नये.

अशा शंकेला आपल्या सार्वजनिक जीवनात एकदाच मोठे व्यासपीठ मिळाले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली होती. पुढे जालन्याच्या महिको कंपनीचे बीटी वांगे आले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारी समितीने त्याला मान्यता दिली. वांगे आपण रोज खातो, म्हणून गोंधळ मोठा झाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगढ, हैदराबाद आणि बेंगळुरू अशा सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० ला बीटी वांग्याला स्थगिती दिली. निर्णय बरोबर की चूक, यावर आजही शास्त्रज्ञांत दोन तट आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या काही आठवड्यांत देशातला शेतकरी, दुकानदार, गृहिणी आणि संशोधक एका सभागृहात बसून जनुकांवर भांडले. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात बीटी कापूस आहे, तो कोणत्या जिवाणूपासून, जनुकाचे नाव काय, अळीच्या आतड्यात काय होते, सारे आहे. नैतिक प्रश्नांवर आणि हळद-बासमतीच्या पेटंटवर एक छोटा भागही आहे. पण परीक्षेला अळीचे आतडे येते.

तो भाग संपला की मी मुलांना एक काम देत असे: याचा तुमच्या घराशी कुठे संबंध येतो, ते लिहून आणा. खरगोनकडची एक मुलगी होती, निमाडातल्या कापूसवाल्या घरातली. तिने दोन पाने लिहिली. पहिल्या पानावर होते की बीटी आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत वडिलांच्या फवारण्या कमी झाल्या, अंगाला खाज सुटणे थांबले, बोंडे चांगली भरली. दुसऱ्या पानावर होते की बियाण्याचे पाकीट दर वर्षी विकत घ्यावे लागते, दुसऱ्या किडी वाढल्या आणि पुढे गुलाबी बोंडअळी परत आली. खाली तिने अळीत प्रतिकारशक्ती कशी निर्माण झाली असेल ते नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाने समजावले होते. शेवटी एक ओळ: मला जैवतंत्रज्ञान शिकायचे आहे. मी तिला विचारले, तुझे मत बाजूने की विरोधात? ती म्हणाली, "मैडम, दोनों पन्ने सही हैं।"

प्रश्नावलीत ती मुलगी 'तटस्थ' ठरली असती. माझ्या माहितीत तिच्याइतके स्पष्ट मत असलेले विद्यार्थी थोडेच.

तिने जे तत्त्व वापरले, तेच आता दहावीच्या पुस्तकातून गेले आहे. एनसीईआरटीने ओझे कमी करताना दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि नागरिकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. बारावीला तो भाग आहे, असे उत्तर मिळते. पण बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण? दहावीनंतर वाणिज्य, कला, गणित किंवा आयटीआय अशा वाटांनी गेलेल्या मुलांना उत्क्रांतीही भेटणार नाही आणि जनुके लिहिण्याची विद्याही. त्या सर्वांना अठराव्या वर्षी मत मात्र मिळणार आहे.

आणि निर्णय तर दारात येऊन उभे आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने बायोई३ हे धोरण मंजूर केले, त्यात जिवाणूंकडून रसायने, औषधे, खाद्यपदार्थ बनवून घेण्याचे मोठे स्वप्न आहे. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताच्या दोन जाती आपल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केल्या. मला व्यक्तिशः या कामाचा आनंद वाटतो. दुष्काळात, खाऱ्या जमिनीत तगणारा भात कुणाला नको? पण तो कुणाच्या शेतात, कोणत्या अटींवर, बियाणे कुणाच्या मालकीचे, हे प्रश्न विचारायला नागरिक लागतात, आणि ते अठराव्या वर्षी एकाएकी तयार होत नाहीत.

त्यासाठी नवा विषय नको, महागडी प्रयोगशाळा नको. खुरानांचा पाठ शिकवताना त्याच सालच्या केंब्रिजच्या सुनावणीचा एक परिच्छेद पुरेल. बीटी कापसाबरोबर नागपूरच्या सुनावणीत कोण काय म्हणाले असेल, यावर वर्गात एक तास पुरेल. एक बाक शेतकऱ्यांचा, एक कंपनीचा, एक कीटकशास्त्रज्ञांचा. प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा पुरेल, ज्याचे एकच उत्तर शिक्षकाच्या हातातल्या नमुन्यात छापलेले नसेल आणि ज्यात गुण मिळतील ते कारणे नीट दिल्याबद्दल. आमच्या शाळेत मी हे घटक चाचणीपुरते करू शकले. बोर्डाच्या परीक्षेत ते करणे माझ्या हातात नव्हते. ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यापैकी कुणी ही पाने वाचत असेल, तर माझे मागणे एवढेच आहे: तो एक प्रश्न घाला. पाच गुणांचा असला तरी चालेल.